मेलेल्या सेलवर दिवा : ३४९ रुपयांच्या कीटचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले सुटतील. कीटला पाचपैकी दोन स्टार. ज्या युक्तीवर ते कीट बनवलंय तिला पाच. आणि कीट चालेना म्हणून पुण्यातल्या तापकीर गल्लीत ज्या दुकानात गेलो त्याला साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

मी धंद्याने वायरमन. धनकवडी, बालाजीनगर, आंबेगाव या पट्ट्यात बावीस वर्षं काम करतोय. २३० व्होल्टचे झटके किती खाल्ले ते मोजायचं कधीच सोडलं. पण दीड व्होल्टने माझा अख्खा रविवार खाल्ला, तो हा पहिलाच.

कीट घेतलं ते आईसाठी. आई गावी असते, भोरच्या वर, घाटाच्या अंगाला. तिकडे पाऊस लागला की लाईट जाते आणि गेली की कधी येईल ते लाइनमनलाही सांगता येत नाही. झाड तारेवर पडलेलं असतं, ते कुठल्या वळणावर पडलंय हे शोधण्यातच त्या बिचाऱ्याचा अर्धा दिवस जातो. मागच्या जुलैत सलग चार दिवस नव्हती. मीच नेऊन दिलेला चार्जिंगचा इमर्जन्सी लाईट घरात आहे. पहिल्या रात्री झकास, दुसऱ्या रात्री मलूल, तिसऱ्या रात्री बंद. चार्ज करायला लाईट पाहिजे आणि लाईट नाही म्हणून तर तो पाहिजे. रॉकेल आता मिळत नाही. मेणबत्ती लावून म्हातारी एकटी झोपून गेली तर, या विचाराने मलाच इकडे झोप लागत नाही.

आईकडे एक गोष्ट मात्र भरपूर. वापरलेले सेल. तिच्याकडे ट्रान्झिस्टर आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ, तो अर्थ आमच्या घरात अजून चालू आहे, जसा टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. तो दोन मोठ्या सेलवर चालतो. आवाज बसायला लागला की आई सेल काढून पायरीवर उन्हात ठेवते, दोन दिवसांनी परत घालते, आणखी आठवडाभर पुणे केंद्र ऐकते, आणि मग ते सेल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जातात. टाकत नाही. ‘असू दे, लागतील.’ कशाला लागतील ते मला कधी कळलं नव्हतं.

आणि एके रात्री मोबाइलवर जाहिरात आली : ‘मेलेल्या सेलवर घरातला बल्ब पेटवा.’ मला तो डबा दिसला. ३४९ रुपये, पाठवणावळीसह. दाबलं बटण.

पार्सल पाचव्या दिवशी आलं. आत तंबाखूच्या पुडीएवढी प्लास्टिकची पिशवी. त्यात छोटा हिरवा पीसीबी (पार्ट जोडायची पाटी), ट्रान्झिस्टर एक (हा रेडिओ नव्हे, तीन पायांचा छोटा पार्ट; पायांची नावं बेस, कलेक्टर, एमिटर), एक किलोओहमचा रेझिस्टन्स एक, पांढरा एलईडी एक, काळी फेराइटची रिंग, इनॅमल वायरचे (वरून लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे) दोन तुकडे, एका पेन्सिल सेलचा होल्डर आणि घडी घातलेला कागद. बस्स. कागदावर मराठी होती याचं आधी कौतुक वाटलं. मग वाचायला घेतलं. ‘गरम लोखंड काळजीपूर्वक धरा.’ हे सोल्डरिंग आयर्न. ‘जास्तीचे पाय कापून टाका.’ हे ट्रान्झिस्टरचे, असं आपण धरून चालायचं. ‘पाया प्रतिकाराला द्या.’ इथे आमची नववीतली मुलगी हसून हसून खाली बसली. ट्रान्झिस्टरच्या बेसला पाया आणि रेझिस्टन्सला प्रतिकार म्हटलंय हे कळेपर्यंत चहा गार झाला. मशीनला सांगून भाषांतर काढलंय आणि छापायच्या आधी कोणीही डोळ्यांखालून घातलेलं नाही. एवढं विकायला निघालात, तर आयटीआयच्या एखाद्या पोराला पाचशे रुपये देऊन वाचून घ्यायला काय झालं होतं?

काम तसं चिमूटभर आहे. रिंगवर दोन वायरी जोडीने गुंडाळायच्या, वीस वेढे. सुरुवातीची दोन वर्षं मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काढली आहेत, त्यामुळे वेढे मला नवीन नाहीत. पण मोटरच्या स्टेटरमध्ये हात जातो. इथे रिंग अंगठ्याच्या नखाएवढी आणि माझी बोटं ही अशी. सातव्या वेढ्याला पहिले तीन सुटायचे. दोनदा झालं. शेवटी बायको म्हणाली, “आणा इकडे. फॉल-बिडिंगला बसते तसंच आहे हे.” तिने वायरीचं टोक सुईसारखं आतून घेतलं, बाहेरून ओढलं, डाव्या अंगठ्याने मागचा वेढा दाबून धरला आणि दहा मिनिटांत वीस वेढे एकाला एक चिकटून बसवले. मी नुसता मोजत होतो.

आता इथे कीटवाल्याची खरी चूक. दोन्ही वायरी एकाच तांबड्या रंगाच्या. वेढे झाल्यावर रिंगमधून चार टोकं बाहेर येतात आणि कुठलं कोणाचं ते डोळ्यांनी सांगता येत नाही. जोडायचं असतं असं : पहिल्या वायरीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात एकत्र करून सेलच्या प्लसला. उरलेल्यांतलं एक कलेक्टरला, दुसरं रेझिस्टन्समधून बेसला. हे चुकलं की सगळं मुसळ केरात. माझ्याकडे मीटर होतं, बझर लावून टोकं ओळखली (दोन्ही टोकं एकाच वायरीची असली की तो वाजतो). मीटर नसलेल्या शाळकरी पोराने काय करायचं? एक वायर हिरवी दिली असती तर प्रश्नच नव्हता. शिवाय इनॅमल ब्लेडने खरवडून काढल्याशिवाय त्या वायरीला सोल्डर धरत नाही, हे कागदावर कुठेच नाही. नवखा माणूस नुसता गोळा चढवेल आणि जोड झाला असं समजून बसेल.

सगळं जोडलं, सेल घातला. काही नाही. सेल बदलला. काही नाही. हात सवयीने खिशाकडे गेला आणि मी टेस्टर काढून सर्किटला लावला. “अहो, दीड व्होल्टला टेस्टर?” बायको म्हणाली. टेस्टरमधली निऑनची नळी पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. बावीस वर्षं ज्याच्या जिवावर काम केलं ते हत्यार इथे नुसतं स्क्रू-ड्रायव्हर. सगळे जोड परत गरम केले, टोकांची अदलाबदल करून पाहिली. रात्री दहा वाजता सगळं पिशवीत भरलं.

विकणाऱ्याला मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : गैरसोयीबद्दल खेद आहे, पुढच्या खरेदीवर ५० रुपये सूट. पुढची खरेदी! परत विचारलं तेव्हा तोच कागद पीडीएफ करून पाठवला. विषय संपला.

तापकीर गल्ली मला अंगणासारखी. वायर, स्विच, एमसीबी, केसिंग-पट्टी, सगळा माल मी तिथूनच भरतो. पण माझी ये-जा इलेक्ट्रिकच्या दुकानांपुरती. इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, ती पासोड्या विठोबाच्या आसपासची, तिथे इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या याद्या घेऊन उभी असतात म्हणून मी कधी वळलो नव्हतो. शनिवारी स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरलो (गाडी घेऊन बुधवार पेठेत जाणाऱ्याने तिथेच मुक्कामाची तयारी ठेवावी) आणि चालत गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण काकांना विचारलेलं नाही. सहा फूट रुंद असेल. मागची भिंत पूर्ण छोट्या खणांची, प्रत्येक खणावर आतला पार्ट चिकटपट्टीने चिकटवलेला, म्हणजे लेबल वाचायची गरजच नाही. वीस मिनिटं उभं राहिलो. अर्धा स्टार कापला तो याच्यासाठी नाही, गर्दी असते. कापला तो काकांच्या पहिल्या वाक्यासाठी. मी पिशवी पुढे केली, त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चार पोरांसमोर म्हणाले, “ट्रान्झिस्टर न तपासता सोल्डर केलात? वायरमन असून?” मी वायरमन आहे हे त्यांना कसं कळलं विचाराल, तर खिशातला टेस्टर.

पण पुढची पंधरा मिनिटं त्या माणसाने एक पैसा न घेता जे शिकवलं, ते ३४९ रुपयांत नव्हतं.

पहिली गोष्ट ट्रान्झिस्टरची. कागदावर चित्र बीसी ५४७ चं. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पिशवीत आलेला टू-एन-२२२२, आणि त्याची रांग बरोब्बर उलटी : एमिटर, बेस, कलेक्टर. काका म्हणाले, यातही मेख आहे. याच नंबरच्या आधी ‘पी’ असलेला एक प्रकार येतो, त्याची रांग ५४७ सारखीच असते. म्हणून छापलेल्यावर जायचं नाही, टेस्टरवर लावून बघायचं. त्यांच्याकडे स्क्रीनवाला छोटा कंपोनंट टेस्टर होता. तीन पाय खोचले, तीन सेकंदांत स्क्रीनवर चित्र काढून दाखवलं. मग आयर्नने ट्रान्झिस्टर काढला, फिरवला, बसवला. पिशवीतला माझाच सेल घातला आणि दिवा लागला. लख्ख पांढरा. तो सेल टीव्हीच्या रिमोटमधून मीच काढून टाकलेला होता.

दुसरी गोष्ट मीटरची, आणि ही ऐकण्यासारखी आहे. पांढऱ्या एलईडीला पेटायला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, हे मलाही माहीत होतं. मी सहज पेटलेल्या एलईडीच्या दोन पायांवर मीटर लावलं. १.१८ व्होल्ट. सेलवर लावलं. तेही १.१८. म्हटलं, मीटर गेलं. काका हसले.

“ट्यूबच्या पट्ट्या किती बसवल्यात?”

“हजारभर तरी असतील.”

“जुन्या. चोक-स्टार्टरवाल्या. ट्यूब पेटली की स्टार्टर काढून घेतला तरी चालतं. मग तो कशाला लागतो?”

आता हे आमच्यातल्या शिकाऊ पोरालाही माहीत असतं. स्टार्टर आधी मिटतो, चोकमधून करंट वाहतो. स्टार्टर उघडला की चोकला तो करंट एकदम तुटलेला चालत नाही. तो उसळी मारतो आणि त्या उसळीचे काही शे व्होल्ट ट्यूबवर येऊन ट्यूब पेटते.

“हेच आहे ते,” काका म्हणाले. “रिंग म्हणजे चोक. ट्रान्झिस्टर म्हणजे स्टार्टर. फक्त तुमचा स्टार्टर दोन-चार वेळा उघडमीट करतो, हा सेकंदाला चाळीस-पन्नास हजार वेळा.”

मग दुसरी वायर कशाला, ते मला तिथेच उभ्या उभ्या उमजलं. पहिल्या वेढ्यांतून करंट वाढायला लागला की रिंगमधून दुसऱ्या वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं. ते बेसला आणखी रेटतं, ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होतो. करंट आता आणखी वाढू शकत नाही अशा टोकाला आला की तो रेटाच संपतो, ट्रान्झिस्टर बंद होतो, चोक उसळी मारतो, आणि ती उसळी बाहेर पडायला एकच वाट : एलईडी. उसळी विरली की परत पहिल्यापासून. म्हणूनच टोकं उलटी झाली की चालत नाही, कारण मग दुसरी वायर रेटायच्या जागी मागे ओढते. आणि सेल ०.६ व्होल्टच्या खाली गेला की हे सुरूच होत नाही, कारण सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचा बेस तेवढं मिळाल्याशिवाय करंटला वाट देत नाही.

मीटरचं कोडंही यातच सुटतं. एलईडीवर क्षणभर तीन व्होल्ट येतात, क्षणभर जवळजवळ शून्य. डीसीवर ठेवलेलं मीटर बिचारं सरासरी काढतं. आणि वेढे सरासरीत स्वतःकडे काही ठेवून घेत नाहीत, म्हणून एलईडीवरची सरासरी बरोबर सेलएवढीच भरते. काकांनी एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि एक कपॅसिटर (उसळ्या साठवून सपाट करणारा) मध्ये लावून परत मोजायला लावलं. पावणेतीन व्होल्ट. डोळ्याला तेवढाच उजेड. उघडमीट होते ती डोळ्याला कळतच नाही.

मुलीने नंतर शोधून सांगितलं की एका व्होल्टवर एलईडी पेटवायची ही जोडणी १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये एका इंग्लिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात झेड. कापार्निक या माणसाने दिली होती. ‘ज्यूल थीफ’ हे नाव नंतर क्लाइव्ह मिचेल यांनी पाडलं. ज्वेल थीफ म्हणजे दागिने चोरणारा, तसा हा ज्यूल (ऊर्जेचं माप) चोरणारा, सेलच्या तळाशी उरलेली ऊर्जा खरवडून नेणारा. कीटवाल्याने मात्र आपल्या पिशवीवर ‘आमचे संशोधन’ असं छापलंय. चोरावर मोर.

आता जाहिरातीच्या दाव्याकडे येऊ. ‘घरातला ९ वॉटचा बल्ब पेटवा.’ माझ्याकडे बंद पडलेल्या एलईडी बल्बची गोणी आहे, गिऱ्हाइकाकडून बदलून आणलेले. एकाची वरची पांढरी टोपी उचकटली. आत ॲल्युमिनियमची प्लेट, तीवर नऊ चिपा. अशा बल्बमध्ये बहुतेक वेळा एकच चिप जळालेली असते, तीवर काळा ठिपका पडतो, आणि सगळ्या एकामागे एक माळेत असल्यामुळे एक गेली की सगळा अंधार. ठिपक्याची चिप सोल्डरने शॉर्ट केली. उरल्या आठ. माझ्या प्लेटवरची एकेक चिप नऊ व्होल्टची, म्हणजे सगळ्या पेटायला ७२ व्होल्ट. कीटच्या ट्रान्झिस्टरची ताकद तीस-चाळीस व्होल्टची. लावून बघितलं. अंधार, आणि वेगळं काही होणारही नव्हतं.

काकांनी तोडगा सांगितला : मोठी रिंग घ्या, वीस-वीस वेढे तसेच ठेवा, वर बारीक वायरीचे आणखी ऐंशी वेढे द्या आणि प्लेट त्या तिसऱ्या वायरीला जोडा. ऐंशी आणि वीस, म्हणजे चौपट. प्लेटवर ७२ आले तरी ट्रान्झिस्टरला सोसावे लागतात वीसच्या आत. ऐंशी वेढे घालताना बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जोडलं, पेटेना. तिसऱ्या वायरीची टोकं फिरवली, आणि आठही चिपा पेटल्या. एका मेलेल्या सेलवर अख्ख्या बल्बची प्लेट. मुलीने व्हिडिओ काढला, सोसायटीच्या ग्रुपवर गेला.

पण उजेड? देवघरातल्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. व्होल्ट चौपट झाले म्हणून वॉट वाढत नाहीत, हे ट्रान्सफॉर्मर बघितलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. हिशेबच करा. सव्वा व्होल्टच्या सेलमधून ९ वॉट काढायचे तर सात अँपिअरच्या वर करंट पाहिजे. मेलेला सेल सोडा, नवा कोरा पेन्सिल सेलही तेवढा देत नाही. आणि दिलाच असता, तर अल्कलाइन सेलमधली सगळीच्या सगळी ऊर्जा, ढोबळ तीन वॉट-अवर, वीस मिनिटांत संपली असती. तेव्हा ‘घरातला बल्ब पेटतो’ हे खरं. ‘घरातल्या बल्बएवढा उजेड पडतो’ असं त्यांनी छापलेलं नाही, फोटो मात्र तसाच टाकलाय. दोन स्टारांत हा फोटो धरला आहे.

कीट मग मी बाजूला ठेवलं आणि आईसाठी सुट्या मालातून दिवा बनवला. बीसी ३३७ ट्रान्झिस्टर, हा ५४७ पेक्षा जास्त करंट सोसतो आणि पायांची रांग तीच. ४ रुपये. रेझिस्टन्स १ रुपया. फेराइटची मोठी रिंग २०. एक वॉटचा एलईडी १२, तो इथे पूर्ण ताकदीने चालत नाहीच, त्यामुळे गरमही होत नाही. मोठ्या सेलचा होल्डर २५, स्विच ५. झाले ६७ रुपये. वायर माझ्याकडे होतीच. काकांनी शंभराची नोट बघून ‘सुटे द्या’ म्हटलं, बिल दिलं नाही, कार्ड घेत नाहीत.

डबी म्हणून त्याच ९ वॉटच्या बल्बचं कवच वापरलं, पांढऱ्या टोपीमुळे उजेड छान पसरतो. इथे वायरमन म्हणून एक सांगणं. असं कवच वापरणार असाल तर खालची पिनांची टोपी आधी कापून टाका. नाहीतर कधीतरी कोणीतरी तो साधा बल्ब समजून २३० व्होल्टच्या होल्डरमध्ये खोचणार आणि आतल्या सेलचं काय होईल ते मला बघायचं नाही. कीटच्या कागदावर तर सरळ ‘जुन्या बल्बमध्ये बसवा’ एवढंच लिहिलंय. ही ओळ वाचून एक स्टार आणखी कापावासा वाटला होता.

दुसरं, सेल पाझरण्याचं. साधे जुन्या पद्धतीचे सेल पार तळापर्यंत पिळले की त्यांचा पत्रा आतून खाल्ला जातो आणि चिकट पाणी बाहेर येतं. होल्डरची स्प्रिंग हिरवी पडते, मग कितीही चांगला सेल घाला, जोड मिळत नाही. हा दिवा तर सेल पिळण्यासाठीच आहे. म्हणून उजेड अगदी मंद झाला की सेल काढायचाच, आत ठेवून विसरायचा नाही. आईला सांगितलं : “दिव्यातून काढलेला सेल परत डब्यात नको, वेगळ्या पिशवीत टाक, मी घेऊन जाईन.” उन्हात ठेवायचं नाही हेही सांगितलं. ते ती ऐकणार नाही.

श्रावण लागायच्या आधी गावी घेऊन गेलो. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “आई, नवीन ट्रान्झिस्टर आणलाय, एकच आहे पण कामाचा आहे.” ती म्हणाली, “एक हाय की. दुसरा कशाला?” मग डबा काढला. बावीस सेल निघाले. तीन पाझरलेले होते, ते बाजूला केले. बाकीचे मीटरवर लावत गेलो : १.०५, ०.९८, १.१२, ०.७. रेडिओने नाकारलेले सगळे. ०.७ वालाही दिव्याने घेतला, जरा कुरकुरत, पण घेतला.

जुलै-ऑगस्टचा हिशेब असा. दिवा सेलमधून नव्वद मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. आई रात्री दोन-अडीच तास लावते. डब्यातला एकेक सेल पाच-सहा रात्री पुरतो, काही तीनच. वाचायला उजेड पुरत नाही, सुईत दोरा ओवता येणार नाही. ताटातलं दिसतं, पाण्याचा हंडा दिसतो, उंबरा दिसतो, आणि उंबऱ्यावर काही वळवळत असेल तर तेही दिसतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

एक खोड मात्र आहे आणि ती काकांनीही सांगितली नव्हती. पहिल्याच रात्री आईचा फोन आला. “तुझा दिवा बातम्या बोलू देत न्हाई.” मला आधी काही कळेना. मग म्हटलं, रेडिओ कुठे ठेवलायस? दिव्याच्या शेजारी, फळीवर. सेकंदाला पन्नास हजार उघडमिटी करणारी वस्तू, तिची किरकिर मीडियम वेव्हवर पार वरपर्यंत पोचते, आणि पुणे केंद्र आहे ७९२ किलोहर्ट्झवर. खरखर तर होणारच. दिवा स्वयंपाकघरात ने, रेडिओ ओटीवर राहू दे, असं सांगितलं. पाच-सहा हातांवर गेल्यावर आवाज साफ झाला म्हणाली.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा बघितलं, तिने आपला कायदा बसवलाय. संध्याकाळी लाईट नसली तर आधी रेडिओ. बातम्या संपेपर्यंत अंधारात बसते. रेडिओ बंद करून मग दिवा लावते आणि पानं घेते. मी म्हटलं, “अगं, लांब ठेवलास तर दोन्ही चालतात.” म्हणाली, “चालतात. पर ऐकायला उजेड कशाला लागतो?” डब्यात चौदा सेल उरलेत.